लाल टोपणाची नळी

१० नोव्हेंबर, सोमवार

ही वही माही नाही. यवतमाळहून आलेल्या निकिता नावाच्या पोरीनं दिली. पानापानावर रकाने छापले आहेत. उठण्याची वेळ, लाळ भरण्याची वेळ, जेवण, झोप. मी चवथीपर्यंत शिकली, रकान्याच्या बाहेर लिहिता येते मले. आणि लिहूनच ठेवणार आहे. उद्या काही झालं तं साक्षीले कागद पाहिजे. माणूस फिरते, कागद फिरत नाही.

तं कागदावर असू द्या. मी रुखमाबाई, वय एकाहत्तर. मालक पंजाबराव दोन वर्षं झाली गेले. घरात पोरगा बबन, सून ममता. चार एकर माह्या नावावर आहे, ते नीट वाचा, माह्या नावावर.

आज समाजमंदिरात शिबिर होतं. साठीच्या वरच्या साऱ्यांना बोलावलं. डॉक्टर तरुणच आहे, अश्वजित नाव, घाटंजीकडचाच, त्याचं बोलणं तं आपल्यासारखंच. म्हणे, म्हाताऱ्या माणसाचं मन खचते, तवा त्याच्या रक्तात, लाळेत काही खुणा उमटतात का, हे आम्ही पाहून राह्यलो. मी म्हटलं, मन रक्तात राहत असन तं कसायाले सगळ्यात जास्त माहीत पाहिजे. तो हासला. हासणाऱ्या माणसावर माहा भरवसा नाही.

मंग कागद पुढं केला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, संमतीपत्र.

माहा हात तिथीच थांबला. बाप मेला तवा तीन भावांनी असाच कागद आणला होता. म्हणे, संमतीपत्र आहे बाई, सही कर, नुसती रीत आहे. मी केली. माहेरची सव्वादोन एकर त्या एका सहीनं गेली, वर लुगडं दिलं तेबी सुती. तवापासून संमतीपत्र हा शब्दच मले चालत नाही. मी निकिताले म्हटलं, चष्मा घरी राह्यला, वाच. तिनं सगळं वाचलं, शेताचं नाव कोठी नव्हतं. पण जे वाचलं तेच लिहिलं होतं कशावरून? ममता बाजूले उभी होती. म्हणे, करा ना आई, चांगलंच आहे. सुनेले एवढी घाई कायची? सही केली, पण आडनाव अर्धवट लिहिलं. लागलं तं म्हणता येईन, ही माही सही नाही.

मंग प्रश्न. बाया ओळीत बसल्या होत्या, सगळ्यांच्या समोरच विचारणं चाललं होतं. माह्या पुढं हंसाबाई होती, आमच्या भिंतीले भिंत लागून राहते ती. वय अडुसष्ट. नवरा कवाचाच गेला, पोरगा नयन पुण्याले कंपनीत. हंसा म्हणजे गावाची हासरी बाई. मयतीत गेली तरी तोंडाले पदर लावून बसा लागते तिले.

निकिता विचारते, "आजी, आयुष्य रिकामं वाटतं का तुम्हाला?"

हंसा म्हणे, "रिकामी? अवं पोरी, मले मराले टाइम नाही."

साऱ्या बाया खदखदल्या. निकितानं 'नाही'वर खूण केली. माह्यावर आली तवा मी म्हटलं, रिकाम्या बाया तुमच्या यवतमाळात, इथी भाकर थापल्याशिवाय भेटत नाही. पुन्हा 'नाही'. माह्या मागच्या बसंतीबाईनंबी तेच सांगतलं, मी सकाळपासून रिकामी बसलीच नाही म्हणे. अशी एकामागं एक आमची सारी ओळ 'नाही' होऊन गेली.

रक्त घेतलं. मंग ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनाच थुंकीच्या नळ्या भेटल्या. मले भेटल्या आठ. हंसाले नाही, तिच्या घरी माठ आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता समजलं.

दुपारी मी ओसरीवर डोळे मिटून पडली होती. ममताले वाटलं झोपली. न्हाणीच्या आडोशाले फोनवर हळूहळू बोलून राह्यली होती. "हो मॅडम. झोपत नाहीत. जेवण तं एका पोळीवर आलं. पण त्यांना सांगू नका मी फोन केला ते."

म्हणजे मले शिबिरात नेणारी हीच.

आता जोडून पाहा. बबन्या दिवाळीपासून तीन वेळा बोलला, माय, सातबाऱ्यावर माहं नाव चढवून घेऊ, पुढं तुलेच तरास नको. मी नाही म्हटलं. आता म्हातारीचं डोकं फिरलं असा डॉक्टरचा कागद झाला की कोण विचारते म्हातारीले? रक्त तं समोर घेतलं, ते गेलं. पण थुंकी घरी भराची आहे. थुंकी अजून माह्या हातात आहे, म्हणजे तोंडात.

एक पोळी खाते कारण पीठ पचत नाही. झोपत नाही कारण झोप येत नाही. याच्यात मॅडमले सांगाचं काय आहे?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

काम फत्ते.

दिवसाच्या चार, दोन दिवसांच्या आठ. लाल टोपणाची नळी उठल्याबरोबर भराची, चूळ भराच्या आधी, चहा-तंबाखूच्या आधी. पिवळी त्याच्यानंतर अर्ध्या तासानं. हिरवी दुपारच्या जेवणाआधी, निळी झोपताना. भरली की फ्रीजमध्ये. ममतानं दुधाच्या कप्प्यातून दूध काढून खाली ठेवलं, म्हणे शिवाशिव नको. थुंकीले मान, दुधाले खालचा पाट.

मंगळवारी सांजेले मी रिकाम्या नळ्या पदराखाली घेऊन हंसाकडं गेली. म्हटलं, "तू थुंक."

"काय व रुखमे, थुंकाचीबी हिंमत नाही राह्यली का तुही?"

"माही कायले देऊ? त्याच्यावरून डोक्याचा कागद करतात. तू हासरी, तुह्यात काय निघन?"

तिनं एक नळी उजेडाकडं धरून पाह्यली. बराच वेळ पाह्यली. म्हणे, "माह्यात काय निघन." मंग हासली. "लोकाइच्या बाया साखर मांगाले येतात. तू थुंकी मांगून राह्यली."

दोन्ही दिवस बरोबर भरून दिल्या. वहीत वेळ लिहाची होती म्हणून विचारलं, लाल कवा भरली?

"तीनले."

"तीनले कोंबडाबी उठत नाही."

"त्याले मीच उठवते."

"अन् निळी?"

"झोपताना भर म्हणे ना, तं झोपीची वाट पाह्यली. नाही आली. मंग अशीच भरून टाकली."

हिची मस्करी चालूच राहते. दोन्ही दिवसांचं तिनं तेच सांगतलं. असं लिहिलं तं माह्यावरच शंका येईन. मी रकान्यात लिहिलं, उठली साडेपाचले, झोपली साडेनऊले. शहाण्या माणसाची वेळ. तीनले कोण उठते? मी उठते, पण ते कुत्रे भुंकतात म्हणून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निकिता येऊन बर्फाच्या डब्यात नळ्या घेऊन गेली. रकान्याचं पान फाडून दिलं, वही मांगितली नाही. म्हणे, "छान आजी, वेळा अगदी नीट लिहिल्या तुम्ही." ममता तिच्या मागं मागं फाटकापर्यंत गेली. पाच मिनिटं उभ्या होत्या दोघी. चहाबी विचारला नाही, म्हणजे बोलणं चहापेक्षा मोठं होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हंसानं खलबत्ता आणून दिला. पितळी, तिच्या सासूच्या हातचा. म्हणे, ठेव तुह्याकडं, माह्यानं आता कुटणं होत नाही. मी म्हटलं, दात नाही म्हणून का? हासली.

फुकट कोणी राखबी देत नाही. चार वर्षांमागं तिनं आमच्या अंगणातून बोअरकडं वाट मांगितली होती, पंजाबरावनं नाही म्हटलं होतं. आता मालक नाही, तं खलबत्ता पाठवून पाया घालून राह्यली. मी ठेवून घेतला, पण वाटेचं नाव काढलं नाही. तिनंही काढलं नाही. पक्की आहे.

काल कापूस वेचाले आली होती आमच्या वावरात. पूर्वी हंसा म्हणजे साऱ्याइच्या तीन ओळी पुढं, दोन्ही हातांनी वेचाची, तोंड वेगळंच चालू. काल धुऱ्यावर, बांधालेच बसून राह्यली. कापसाकडं पाहत होती. कापसाची ओटी रिकामीच. बसंतीबाई म्हणे, कायची तंद्री लागली व हंसे? तं म्हणे, कापूस मोजून राह्यली. साऱ्या हासल्या. कामचुकार झाली आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बबन्याले औषध मांगाले आली. दाराच्या चौकटीले उधई लागली म्हणे. बबन्या येडा, फवारणीच्या उरलेल्या डब्यातून तिले बाटलीत ओतून दिलं. मी म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, आता गावालेबी औषध वाट.

दुपारी तिच्याकडं गेली, मुद्दाम चौकटीले बोट घासून पाह्यलं. उधई कोठीच नाही. सागवान आहे, टणक. म्हणजे खोटं बोलली. कोणाले विकणार असन. हासऱ्या बाईच्या पोटात काय काय असते, पाहा.

४ डिसेंबर, गुरुवार

आता लुगडं. नयननं पुण्याहून आणलेलं, घडीसुद्धा मोडली नाही. "तू नेस, मले रंग जमत नाही." वर पेटीची किल्ली. "नयन आला तं देजो."

"तू कोठी चालली?"

"कोठी जाऊ व? माह्या हातून हरपते."

कोंबड्याबी बसंतीबाईले दिल्या म्हणे. मी ममताले म्हटलं, ही एवढी दानशूर काहून झाली, हिच्या मनात वाटेशिवाय दुसरं काही आहे. ममता म्हणे, "आई, हंसामावशी किती वाळल्या, पाह्यलं का तुम्ही?" मी म्हटलं, म्हातारपणी कोण फुगते? तिले विषय बदलाचा होता. मागच्या खोलीत कागदं आवरून राह्यली होती ती. माहं आधारकार्ड त्याच्यात होतं. कायले पाहिजे, विचारलं तं म्हणे, दवाखान्याच्या कार्डासाठी. लिहून ठेवते.

९ डिसेंबर, मंगळवार, दुपार

डॉक्टर आला होता. सोबत निकिता.

मले वाटलं, झालं, कागद घेऊन आला. खाटेवर बसवलं. तो माह्यासमोर जमिनीवर बसला. डॉक्टर जमिनीवर बसला तवाच समजलं, काही गोड गोड काढणार.

म्हणे, "आजी, लाळेतली एक खूण आम्ही मोजतो. ती सकाळी वर जाते अन् दिवस मावळता उतरते. चुलीसारखी. सकाळी फुंकली की भडकते, रात्री राख होते. तुमच्या नळ्याइत सकाळी अन् रात्री एकसारखाच जाळ आहे. दोन्ही दिवस."

मी म्हटलं, "मंग? गॅस आहे आमच्याकडं."

तो हासला नाही. "याच्यावरून काहीच ठरत नाही आजी. दुसरं दुखणं असू शकते, नळी भराची वेळ चुकू शकते, आमचीही चूक असू शकते. हा अभ्यास आहे, तपासणी नाही. पण तुमची उत्तरं एकदम चांगली अन् लाळ अशी, म्हणून समोर बसून विचाराले आलो. नळ्या त्याच वेळेले भरल्या होत्या ना?"

"भरल्या."

"झोप कशी आहे?"

"बाजेवर."

"जेवणात चव येते का? आपल्या वस्तू वाटून टाकाव्या, सारं आवरून घ्यावं, असं वाटते का?"

"मी अजून एक चमचाबी कोणाले दिला नाही."

मंग एकदम हळू आवाजात म्हणे, "घरात फवारणीचं औषध कोठी ठेवता आजी? तुमच्या हाताशी आहे का?"

ममता दारात उभी होती. डोळ्याले पदर लावून. कांदा चिरत असन.

मी म्हटलं, औषध तं बबन्यानं, अन् तिथीच अडकली. डॉक्टर वाट पाहत राह्यला. मी म्हटलं, वावरात आहे, मले त्याच्याशी काय. तुम्ही जा. माहं डोकं ठिकाणावर आहे, लिहून घ्या.

निकितानं फोनचा नंबर कागदावर लिहून ममताले दिला. गाडी गेली.

आता बसून वही पहिल्यापासून वाचली. माहंच अक्षर. तीनले उठली. झोपीची वाट पाह्यली, नाही आली. खलबत्ता, लुगडं, किल्ली, कोंबड्या. चौकटीले उधई नाही.

आमच्या इथी दवाखान्यातल्या बाटलीत असते तेबी औषध अन् पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडावर मारतात तेबी औषध. 'औषध घेतलं' म्हटलं की कोणतं ते लोकाइच्या तोंडावरून समजा लागते. मी तिच्या तोंडाकडं कवा पाह्यलं? तिच्या चौकटीकडं पाह्यलं.

ज्या नळ्याइत रात्रंदिवस जाळ निघाला त्या माह्या नाहीत. सांगावं तं साऱ्या गावात होईन की रुखमीनं डॉक्टरले फसवलं, दुसऱ्याची थुंकी दिली, वेळाबी खोट्या लिहिल्या. मंग डोक्याचा कागद कराले अजून काय पाहिजे.

जाऊन येते.

९ डिसेंबर, संध्याकाळ

दार ओढलेलं होतं. ढकललं. घर लख्ख सारवलेलं, भांडी घासून पालथी मांडलेली, पाव्हणा येणार असल्यासारखं. हंसा मधात बसली होती, भिंतीले टेकून. बाटली देवाच्या कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्यामागं. मी आधी ती उचलली, मंग बोलली.

"ही नेते. बबन्याले फवारणी आहे."

"आता कायची फवारणी? कापूस तं वेचून झाला."

"तुरीवर. अळी आहे."

मी बसली. काय विचाराचं ते सुचत नव्हतं. डॉक्टरचे शब्द माह्या तोंडात बसत नाहीत. आपण नवी सून आली की विचारतो, पोट्टी सासरहून आली की विचारतो, तेच विचारलं.

"हंसे, करमते का तुले?"

हासणार होती. तोंड तसं झालंबी. मंग ते तसंच राह्यलं, हासू आलंच नाही.

"नाही व रुखमे."

"कवापासून?"

"ध्यानात नाही."

"झालं काय पण? नयन काही बोलला का?"

"काहीच नाही झालं. तेच तं. झालं असतं तं सांगतलं असतं. नयन चांगला आहे, फोन करते. खाले-प्याले आहे. पण कशाचीच चव नाही. लाकूड चघळल्यासारखं. सकाळी तीनले डोळा उघडते अन् पुढचा दिवस छातीवर बसलेला असते."

"तू तं हासत राहते."

"हासलं की लोकं लवकर घरी जातात."

मी म्हटलं, "मंग त्या पोरीनं विचारलं तवा काहून नाही सांगतलं?"

म्हणे, "तिनं विचारलं रिकामं वाटते का. मी रिकामी कोठी आहे? डोक्यात एवढी गर्दी आहे की एक विचार बाहेर निघत नाही."

मले रडता येत नाही, पंजाबराव गेले तवाबी आलं नाही. मी उठून तिची चप्पल दारात सरळ करून ठेवली. म्हटलं, "चाल. शेंगा सोलाच्या आहेत."

"कोणत्या शेंगा?"

"तुरीच्या. पाटीभर आहेत. माह्यानं एकटीनं होत नाही."

हे खोटं होतं, शेंगा वाटीभर होत्या. ती आली. बाटली माह्या पदरात, ती माह्या बाजूनं. दार मी ओढलं.

ममताले सैपाकघरात बोलावलं आणि सारं सांगतलं. थुंकी कोणाची, वेळा कोणी लिहिल्या, बाटली कोठून आली. बबन्याही येऊन उभा राह्यला, त्यानं बाटली पाह्यली अन् तिचं टोपण पुन्हा घट्ट आवळलं. ममतानं आधी निकितानं दिलेल्या नंबरावर फोन लावला. डॉक्टर म्हणे, तिले एकटी ठेवू नका, औषधाचा डबा कुलपात घाला, सकाळी गाडी घेऊन येतो.

फोन ठेवल्यावर म्हणे, "आई, मले वाटलं ते तुमचं निघालं. मी तुमच्यासाठी त्यांना बोलावलं होतं."

"माह्यासाठी? मले काय झालं?"

ती शेंगा सोलाले बसली. सातबाऱ्याचं मी आज विचारलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

काल यवतमाळले जाऊन आलो. हंसा, मी, ममता, डॉक्टरची गाडी. सगळ्या वाटेनं हंसा खिडकीकडं पाहत होती. एकदा म्हणे, "तुले थुंकी दिली नसती तं बरं झालं असतं." मी म्हटलं, "आता दिली ना. दिलेली थुंकी परत घेत नाही."

मनाच्या डॉक्टरीणबाईनं पाऊण तास बोलणं केलं. मले बाहेर काढलं होतं. बाहेर अश्वजित डॉक्टर भेटला, त्याच्याजवळ वेळांचं खरं-खोटं सारं सांगतलं. वाटलं, झापन. तो म्हणे, "आजी, त्या आठही नळ्या आता अभ्यासातून बाद. नाव एकाचं, लाळ दुसऱ्याची, वेळ तिसरीच."

म्हणजे ज्या थुंकीनं बाई सापडली तिचा कागदावर उपयोग शून्य. मी म्हटलं, करा बाद. आणि तुमचा तो प्रश्नबी बाद करा. रिकामं वाटते का विचारलं तं आमची बाई कामाचा हिशोब देते. तुम्ही घाटंजीचे ना? तुमची आजी तुम्हाले काय विचाराची, होस्टेलवरून आले की?

तो म्हणे, "करमते का रे तुले तिथी?"

"मंग?"

त्यानं खिशातून पेन काढून हातावरच लिहिलं.

दवाखान्यातही एक कागद आला, वर तेच, संमतीपत्र. हंसाले वाचता येत नाही. मी चष्मा लावून एकूणएक ओळ वाचून दाखवली, जेवणाची सुट्टी झाली तरी सोडलं नाही. रांगेतले लोक कावले. कावू द्या. हंसानं अंगठा दिला, आधी मले विचारून.

२० डिसेंबर, शनिवार

हंसा आमच्या ओसरीवर झोपते. गोळ्या सुरू आहेत, ममता आपल्या हातानं देते. डॉक्टरीणबाई म्हणे, या गोळ्याइचा गुण याले चार-सहा हप्ते लागतात, मधात घाबरू नका. मी रोज विचारते, काही फरक? ती म्हणते, भाजी शिजली का म्हणून झाकण काढून काढून पाह्यलं तं भाजी शिजत नाही. म्हणजे जीभ सुधारून राह्यली.

नयन आला होता. रडला, मंग मोबाइल पाह्यला, मंग पुन्हा रडला. मायले पुण्याले नेतो म्हणे. हंसा म्हणे, पुण्याले कोण आहे माहं? तो म्हणे, मी. ती म्हणे, तू तं कंपनीत राहशीन. आता दर हप्त्याले येणार आहे. पाहू, लिहून ठेवते.

बबन्यानं औषधाचा डबा वावरातल्या पेटीत कुलूप लावून ठेवला. पाच दिवस माह्या नजरेले नजर देत नव्हता. मी म्हटलं, तुनं उधईसाठी दिलं, मलेबी उधईच वाटली होती. चाल, जेव.

सातबाऱ्याचं त्यानं काही काढलं नाही. हे मोठेपण आहे की डाव, ते अजून ठरलं नाही.

हंसाले खलबत्ता परत दिला. म्हटलं, ने तुहा, वाट भेटणार नाही. ती म्हणे, "कोणती वाट?" खरंच ध्यानात नव्हतं तिले. चार वर्षं मी एकटीच त्या वाटेवर उभी होती.

५ जानेवारी, सोमवार

निकिता नव्या नळ्या अन् नवे प्रश्न घेऊन आली. या वेळी एकेकीले वेगळं बसवून विचारते. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांच्या नळ्या आमच्या फ्रीजमध्ये. दूध पार माठाजवळ गेलं. ममतानं प्रत्येक नळीवर नाव लिहिलं, हंसाच्या नळीवर मोठ्या अक्षरात.

माही पाळी आली. निकितानं कागदावर बोट ठेवलं. "आजी, करमते का तुम्हाला?"

मी म्हटलं, "पुढचा प्रश्न विचार."

ती पेन घेऊन बसून राह्यली. पुढचा विचारला नाही.

मी म्हटलं, तुह्या चहाले उशीर होऊन राह्यला.

खोलीच्या बाहेर, ओसरीवर हंसा शेंगा सोलत होती. आतलं आयकू गेलं असन तिले, कान अजून तिखट आहेत. तिथूनच म्हणे, "पोरी, हिचं उत्तर तोंडातून निघत नाही. हिले नळी दे. अन् समोर बसून भरून घे, नाही तं कुत्र्याची आणून देईन."

निकिताले हासू आवरेना. मी नळ्या घेतल्या. आठ, टोपणं तीच.

६ जानेवारी, मंगळवार

लाल टोपण. चूळ भरली नाही. तंबाखू घेतला नाही. नळी माही, थुंकी माही.

उठण्याची वेळ, तीन वाजून वीस मिनिटं.

कुत्रे भुंकले नाहीत.